दुधाचा पाठभेद

तुम्ही सुपारी कातरा, तोवर आमच्या विसूच्या परीक्षेचं ऐका. विसू माझा कसब्यातला मित्र, जन्मापासून आंधळा. त्याला शिकायचं होतं, पण पाठशाळेत घेईनात. शास्त्रीबुवा म्हणाले, "अहो, तुम्हाला पोथी दिसणार कशी?"

विसूनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे माझे डोळे."

"मग एक अध्याय पाठ करून या. एक अक्षर जरी चुकलं, तरी पुन्हा इकडे फिरकायचं नाही."

झालं! मी रोज आमच्या ओसरीवर पोथी वाचू लागलो. शनिवारवाड्याचा चौघडा सुरू झाला की आवाज चढवायचो. विसूच्या कानात एकदा गेलेलं जसंच्या तसं, चालीसकट बाहेर यायचं.

परीक्षेला त्यानं श्लोकांमागून श्लोक घडाघडा म्हटले. शास्त्रीबुवांचं बोट पोथीवरून सरकत होतं. माझा जीव भांड्यात पडणार, तोच विसू त्याच चालीत म्हणाला, "अगं ए, दूध उतू चाललंय!" आणि लगेच पुढचा श्लोक.

बोट थांबलं.

"आमच्या पोथीत दूध नाही."

मी खाली मान घातली. विसू शांतपणे म्हणाला, "आमच्या प्रतीत आहे. पाठभेद असेल."

शास्त्रीबुवांनी अध्याय शेवटपर्यंत ऐकला. अक्षर एकही चुकलं नाही.

"उद्यापासून या," ते विसूला म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "हे डोळे मात्र घरीच ठेवा. दुधाकडे बघायला लागतील."