कोळीवाड्याची पाटीलकी

बोरीवलीच्या डायलिसिस सेंटरबाहेर सुलक्षणा नवऱ्याची वाट पाहत बसली होती. शेजारच्या खुर्च्यांवर कोळीवाड्यातले म्हातारे रामनाथ पाटील आणि त्यांची मुलगी कल्पिता येऊन बसले. दोघं बोलत होते, ते तिला ऐकू येत होतं.

“काल मीटिंगमध्ये काय झालं गं? माझ्यामागं पाटील कोण?”

“प्रज्योतला विचारलं. तो नको म्हणाला.”

“माझा सख्खा पुतण्या, आणि नको?”

“विरारला राहतो ना बाबा. लोकांची भांडणं मिटवायला रोज कुठून येणार?”

“मग दुसरं कोण?”

“कुणीच तयार नाही. सरूआत्या उठली. म्हणाली, भाऊ आजारी पडल्यापासून दोन वर्षं सगळं कल्पिताच बघते, तिलाच पाटील करा.”

“पंच काय म्हणाले?”

“काहीच नाही. सगळे खाली बघत बसले.”

“आणि मग?”

“यापुढं पाटील नेमायचाच नाही, असं ठरलं. पुनवेला दर्याला नारळ पाटलाऐवजी दरवर्षी वेगळ्या घरानं वाहायचा.”

“म्हणजे आपल्या घरातनं गेलीच पाटीलकी.”

“गेली.”



“कल्पिता, पंच गेल्या आठवड्यात घरी आलेले. तू मासळी घेऊन बाजारात होतीस.”

“कशाला आलेले?”

“तुझं नाव चालेल का, विचारायला.”

“मग तू काय बोललास?”

“बाईमाणूस नको बोललो.”

आतून नर्सनं हाक मारली, “रामनाथ पाटील.”

सुलक्षणानं वाट द्यायला पाय आत घेतले.

“ऊठ बाबा,” कल्पिता म्हणाली, “तुझं नाव घेतलं.”