पेनिनाबाईंनी कुलूप लावलं होतं

सन्माननीय अध्यक्ष कान्येसिग्ये साहेब, मंचावरील पाहुणे, काबालेच्या आपल्या महिला कायदा मदत केंद्रातील सहकारी आणि आजच्या उत्सवमूर्ती पेनिनाबाई क्योमुहेंदो,

नमस्कार. मी बारुंगी, इथले संगणक सांभाळतो. बाईंबद्दल चार गोड शब्द बोल, असं मला सांगण्यात आलं आहे. बोलतो. एकोणीस वर्षांत बाईंनी किती बायकांचे जबाब लिहून घेतले, कितीजणींना आधी उकडलेल्या केळ्यांचे मटोके पोटभर वाढून मग प्रश्न विचारले! मघाच्या वक्त्यांनी हे सांगितलंच. पण बाई निवृत्तीच्या मुदतीआधी तीन वर्षं का चालल्या, हे कुणी का नाही सांगितलं?

नवऱ्याविरुद्ध खटला लढायला आपल्याकडे आलेल्या प्रॉसीला मार्चमध्ये त्याच नवऱ्याने लपल्या जागी गाठलं. तिचा हात मोडला. तिने खटला मागे घेतला. तो पत्ता फक्त बाईंच्या संगणकात होता. आपला ड्रायव्हर आमोस त्या नवऱ्याचा चुलतभाऊ निघाला. पोलिसांना तो म्हणाला, "बाई जेवायला गेल्या होत्या, संगणकाचा पडदा उघडाच होता."

चौकशीत बाई एकच वाक्य बोलत राहिल्या, "साहेब, मी कुलूप लावूनच उठले."

"मग उघडलं कसं? भुताने?" असं विचारलं गेलं, आणि समिती हसली. हसलात ना? मीही गप्प बसलो होतो.

चौथ्या दिवशी मी त्या यंत्राच्या नोंदी वाचल्या. त्या दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी पडद्यावरचा डेस्कटॉप बंद पडला, यंत्र मात्र चालूच होतं; अकराव्या मिनिटाला तो पुन्हा सुरू झाला. बाई तेव्हा अंगणात अकराजणींबरोबर जेवत होत्या. मी स्वतः करून पाहिलं. पडद्याला कुलूप लावलं. तीन कळा एकदम दाबल्या, मागचा काळा पडदा समोर आला. बाई रोज सकाळी तिथेच पासवर्ड देऊन डेस्कटॉप सुरू करायच्या. तिथून तो बंद पाडला. डेस्कटॉपबरोबर कुलूपही गेलं, आणि यंत्र बाईंच्याच नावाने हुकमाची वाट पाहत उभं! आमोसने हेच केलं होतं. पुढचं दार बंद, मागचं सताड उघडं. ते उघडं कुणी ठेवलं? मी. डेस्कटॉप संपताच बाईंचं लॉगिनही संपावं, एवढ्यासाठी डेस्कटॉप सुरू करायच्या आज्ञेआधी एक शब्द लिहायचा होता. एक शब्द! आता तो सगळ्या यंत्रांवर आहे. प्रॉसीला त्याचा काय उपयोग?

मी अध्यक्षसाहेबांकडे धावलो. साहेब म्हणाले, "बारुंगी, देणगीदार येतायत. आत्ता हे उकरू नकोस. बाई तशाही थकल्यात."

थकल्यात? पेनिनाबाई, तुम्ही थकलात का?

(बाई खुर्चीतून म्हणाल्या, "मुळीच नाही रे.")

ऐकलंत? मंडळी, राग तुमच्यावर आहे, त्याहून जास्त माझ्यावर. दोन महिने मी पगार घेत राहिलो आणि बाई मान खाली घालून या फाटकातून ये-जा करत राहिल्या.

आयोजकांचे आभार, स्वयंपाकघरातल्या भगिनींचे आभार. बोलण्यात कुणाचा मान राहिला नसेल तर पोटात घाला. यंत्रातल्या चुकीची माफी मात्र तुमच्याकडे नाही, बाईंकडे आणि प्रॉसीकडे मागतो.

अध्यक्षसाहेब, बाईंना द्यायच्या सेवापत्रात तिसऱ्या ओळीत 'निष्काळजीपणा' असं लिहिलंय. ते आत्ता, सगळ्यांसमोर खोडा. तोवर मी या माईकसमोरून हलणार नाही.