बुद्धप्रियाच्या नावाने गेलेला मेल

नाव मृण्मयी गंधार औंढेकर, वय ३४ वर्षे, व्यवसाय संगणक सुरक्षेची कामे, राहणार नांदेड. लातूर येथील पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

रेणुकादास सरांच्या शिकवणीचे कार्यालय बुद्धप्रिया सांभाळते. मागील आठवड्यात तिच्या मेल पत्त्यावरून पालकांना निरोप गेला की, बॅच रद्द झाली, मुलींना घेऊन जा. परीक्षा तोंडावर असताना देवणी, जळकोटच्या मुली सामान बांधून घरी गेल्या. सरांनी काही न विचारता बुद्धप्रियाला कामावरून काढले, तसे सर्व पालकांना मेलने कळवले व तिच्याविरुद्ध तक्रार दिली. माझे काम तिला माहीत असल्याने तिने मला फोन केला. म्हणाली, "ताई, म्या न्हाई केलं. पर माझं कोण ऐकायलंय?"

मी शिकवणीच्या डोमेनच्या, म्हणजे मेल पत्त्यातील नावाच्या, डीएनएस नोंदी, म्हणजे इंटरनेटवरील जाहीर यादीतील नोंदी, तपासल्या. या नावाने कोणत्या मशीनवरून मेल पाठवता येईल, हे त्यात मजकुराच्या एका ओळीत लिहिलेले असते. ही ओळ कोणालाही वाचता येते. पासवर्ड कोणी दिला, असे ठाण्यातील साहेबांनी मला पुन्हा पुन्हा विचारले. असा मेल पाठवायला तो लागतच नाही. त्या ओळीत सर्वांना परवानगी दिलेली होती. खोटा मेल आल्यास काय करावे, याची नोंदच नव्हती. राखणदार बसवायचा आणि त्याला सांगायचे, येईल त्याला सोड, असा हा प्रकार. सदर मेल शिकवणीच्या मशीनवरून निघालेला नाही, हे एका पालकाकडील मूळ मेलवरून दिसते. तो कोणी पाठवला, हे मला माहीत नाही.

सरांना विचारता ते म्हणाले, "निकालाच्या दिवशी नांदेड शाखेचे मेल परत यायले होते. मीच म्हणलो, ती परवानगी सगळ्यांना खुली करा. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात शिकवायचो, तेव्हापासून आपलं दार कधी लावलं नाही." दार यांनी उघडे टाकले आणि आळ पोरीवर. चोर सोडून संन्याशाला फाशी. मला याचा राग आला, तोही लिहून घ्यावा.

सरांनी चूक मान्य करून पालकांना पुन्हा मेल केला. त्यावर पालकांचे फोन सुरू झाले, "ह्यो तरी खरा हाय का?" शिकवणीच्या मेलवर आता कोणाचाच भरवसा नाही. बुद्धप्रिया सरांना एवढेच म्हणाली, "मेलनं गेलेलं नाव मेलनं न्हाई यायचं, सर."

म्हणून हा जबाब मला वाचून दाखवताना दार उघडे ठेवून मोठ्याने वाचावा, अशी मी विनंती केली. बाहेर बाकावर बुद्धप्रिया व चौकशीला आलेले पालक बसले होते. त्याप्रमाणे वाचला, सर्वांनी ऐकला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.