बोटभर वाकडी भिंत

खेळण्यातल्या विटांच्या घरानं एकदा माझी चांगलीच जिरवली. मध्ययुगातलं दुमजली घर होतं, ते जोडून व्हिडिओत त्याचं परीक्षण करायचं होतं. छप्पर काही बसेना. मी इरेला पेटून चौथ्यांदा दाबत होते. आमच्या धारगळच्या घरी न्हाणी बांधायला आलेला बेळगावचा गवंडी बसाप्पा खिडकीतून म्हणाला, “बाई, तळातली भिंत सरकलीय.”

“एवढंसं चालतं. आता पाडणार नाही मी.”

“परवा न्हाणीची भिंत बोटभर वाकडी म्हणून पाडायला लावलीत. तेव्हा चालत नव्हतं.”

मी घर पायापर्यंत उकललं आणि पुन्हा बांधलं. छप्पर टक्कन बसलं.

परीक्षणात त्या घराला पाच तारे दिले, पण बसाप्पानं ओळंबा लावून भिंती सरळ आहेत का ते बघितल्यावरच.