फुकट पुस्तकाचं तिसरं कोटेशन

...अन् वरून कॉलेजचा ग्रंथपाल मलेच विचारते, "शेठ, तिसरं कोटेशन कुठं आहे?" आता बोला! जे पुस्तक नेटवर उघडं पडलं आहे, वाचा, छापा, वाटा, काही करा म्हणून लिहिणाऱ्यानंच सांगितलं आहे, त्याचं कोटेशन? तीन-तीन दुकानांचं? पण तुम्हाले सांगतो भाऊ, फुकटाले भाव नसते!

पुस्तक प्रेमानंद सरांचं. कॉलेजात तासावर शिकवणारा माणूस, उन्हाळ्यात पगारच नाही. खापरखेड्याहून येणारी पोरं संख्याशास्त्राचं इंग्रजी पुस्तक पाहूनच वर्गातून पळत, म्हणून यानं साध्या मराठीत लिहिलं. मी म्हटलं, "सर, मी छापतो, दोघंही कमावू." तर म्हणते, "नाही गा शेठ, पोरांच्या मोबाईलमध्ये गेलं पाहिजे." गेलं! हिंगण्याच्या कंपनी बसमध्ये ड्यूटीवर जाणारे अंगठ्यानं पानं सरकवून पास होऊन राहिले, अन् मी इथं नागपुरात बर्डीवर पुस्तकांच्या दुकानात माशा मारून राहिलो! पुस्तकाचा राग आला मले, पण माणसाचा येईना... काय करता?

मग कॉलेजात निघाली कायम जागा. सरांनी जन्मभर वाट पाहिली ती! अट काय, तर स्वतःचं पुस्तक लायब्ररीत चढलेलं पाहिजे. ग्रंथपाल वसंतराव चष्म्यावरून पाहते, "किंमत?"

सर म्हणते, "नाही जी. फुकट आहे."

"कॉम्प्युटर शून्य घेत नाही. तीन कोटेशन आणा, ज्याचं कमी त्याच्याकडून घेऊ."

आता फुकटापेक्षा कमी काय असते, बाप्पा? तरी मी लिहून दिलं, निःशुल्क. शेजारच्यानंही दिलं, निःशुल्क. वसंतराव म्हणते, "दोघांचं सारखंच? मिलीभगत दिसते!" अन् तिसरा दुकानदार सहीच करेना... "फुकटाच्या मालावर सही? उद्या जीएसटीवाले आले म्हणजे?" फाईल अडकली ती अडकलीच.

मुलाखतीत प्राचार्य चारुशीला मॅडम गोड हसून म्हणते, "सर, फुकट वाटता, म्हणजे दर्जा कसा समजायचा?" फुकटाले भाव नसते!

जागा गेली ऋषी नावाच्या दुसऱ्या सरांले. त्याइचं पुस्तक जाड, महाग, मीच लायब्ररीले विकलं, आजही पानाले पान चिकटलेलं. अन् पहिल्याच तासाले ऋषी सर वर्गात काय म्हणाले, माहीत आहे? नंदिनी नावाची पोरगी दुकानात येऊन सांगून गेली... "माझं पुस्तक राहू द्या. ते नेटवरचं मराठी उतरवून घ्या, सोपं आहे, फुकट आहे!"

कायम माणूस आला तसे प्रेमानंद सरांचे तासही बंद. आता हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. त्याच कंपनी बसनं जाते! बाजूले अंकुश नावाचा ऑपरेटर, दोन लेकरांचा बाप, बाहेरून परीक्षा देऊन राहिला. मोबाईल पुढं करून म्हणते, "काका, हे प्रमाण विचलन समजून नाही राहिलं जी, तुमाले येते काय?" अन् सर समजावून सांगते! रोज! पुस्तक आपणच लिहिलं आहे, हे मात्र सांगत नाही.

मले राहवेना. म्हटलं, "सर, काहून असं? बसमध्येही फुकट?"

"फुकट कुठं शेठ? अंकुश माझ्यासाठी खिडकी सोडते रोज."

घ्या! एवढ्या वर्षांत त्या पुस्तकाले पहिल्यांदा भाव आला, भाऊ... एक खिडकी. अन् नागपूरचा मे महिना, खिडकी तीही उन्हाकडची!