वाकलेले दांडे

कुरियरच्या ऑफिसात माझ्यापुढे भाऊ-बहीण उभे होते. भाऊ चांगला चाळिशीचा. रिमोटवर चालणाऱ्या त्याच्या ट्रकसाठी काहीतरी आलं होतं.

"आता काय मागवलंस?"

"पुढच्या चाकांचे दांडे, ताई. टायटॅनियमचे."

"मागे अॅल्युमिनियमचे घातलेस ना?"

"ते वाकले."

"आणि त्याआधी कंपनीचे होते ते?"

"प्लास्टिकचे? ते वाकून परत सरळ व्हायचे."

"मग काढलेस कशाला?"

"प्लास्टिक होतं गं. मैदानात लोक हसतात."

"आता नाही हसत?"

"तुला त्यातलं कळत नाही. मोटर मोठी घातली की गिअर तुटतात. गिअर पोलादी घातले की सांगाड्याला तडा जातो. म्हणून सांगाडाही आधीच बदलला."

"म्हणजे दात दुखायच्या आधीच कवळी. मूळचं काय उरलंय?"

"वरचं झाकण."

"आणि रविवारी शर्यतीत काय झालं?"

"भाऊजी पुढे गेले. त्यांचा ट्रक हलका आहे, दुसरं काही नाही. कुठून घेतला तेही सांगत नाहीत."

"घेतील कशाला? तू काढलेलं सगळं पिशव्या भरभरून माझ्या माळ्यावर आणून टाकतोस. त्यांनी ते जोडलं. झाकण तेवढं नवीन आणलं."

काउंटरवरच्या माणसाने खोकं पुढे सरकवलं. भावाने हात पुढे केला नाही.

"घे, सही कर. आणि ते वाकलेले दांडे आमच्याकडे आणू नकोस. तुझ्या भाऊजींना त्यांचा काही उपयोग नाही."