म्युरिएलला काय वाटतं

(पारामारिबो. म्युरिएलची मागची ओसरी. खांबाला पिंजरा टांगलेला, आत एक काळा त्वात्वा पक्षी, नाव मिनिस्टर. रविवारची पक्ष्यांच्या गाण्याची स्पर्धा होऊन तीन दिवस झालेत. धाकटा भाऊ हेस्डी आलाय तो उभाच आहे. म्युरिएलला तो 'सिसा' म्हणतो, म्हणजे ताई.)

हेस्डी : ब्लॉगवरचं ते पुसून टाक म्हणतोय ना, सिसा. एक बटण तर दाबायचंय.

म्युरिएल : बटण कुठाय ते मला माहीत आहे. नाही दाबणार.

हेस्डी : अगं, सणाला पॉम कसं भाजायचं ते लिही. तुझ्या जुन्या रेडिओंवर लिही, ऑर्किडवर लिही. बसवाल्यांना हव्या तेवढ्या शिव्या घाल. मी कधी काही बोललो?

म्युरिएल : बोललास. "हे कोण वाचणार?" म्हणालास.

हेस्डी : तेव्हा चौदा जण वाचत होते! आज बेकरीत गेलो तर ती बाई म्हणते, "तुमच्या बहिणीनं छान लिहिलंय हं." तोंड लपवत बाहेर पडलो.

म्युरिएल : पाव घेतलास की नाही?

हेस्डी : चेष्टा पुरे. भर मैदानात करंडक घेतलाय मी. फळ्यावर खडूच्या एकशे बारा रेघा होत्या, दर गाण्याला एक. सगळ्यांनी बघितल्या.

म्युरिएल : बघितल्या. ऐकलं कुणी? दोन पिंजरे शेजारी शेजारी. पंच म्हणून बास लुडवेख मोजायला बसलेले, त्यांना एका कानानं ऐकू येत नाही. शेजारचा पक्षी ओरडला तरी रेघ आपल्या मिनिस्टरच्या नावावर. वर कुणी बोलायचं नाही, म्हातारा माणूस दुखावेल.

हेस्डी : तू होतीस तिथं?

म्युरिएल : बायका कुठं नेतात पिंजरे मैदानात? रेकॉर्डिंग तूच पाठवलंस. "ऐक, आपला कसा गातोय." ऐकलं. तीनदा ऐकलं. शेजारच्याची गाणी जास्त भरली, आपली एक्याऐंशी.

हेस्डी : दोन त्वात्वांचे आवाज तुला वेगळे कळतात?

म्युरिएल : तीन वर्षं रोज सकाळी शीळ घालून त्याला शिकवलं कुणी? रविवारी पिंजरा हातात धरून तू मिरवतोस. बाकीचे सहा दिवस तो या खांबाला असतो.

हेस्डी : मग मला सांगायचं. घरातल्या घरात.

म्युरिएल : सांगितलं की. त्याच संध्याकाळी. "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणालास आणि बियर उघडलीस. म्हणून लिहिलं.

हेस्डी : बरं, निदान स्वतःचं नाव तरी काढ त्यावरून.

म्युरिएल : ते तर मुळीच नाही. एकतीस वर्षं कचेरीत बसून मी दुसऱ्यांची पत्रं टाइप केली. मजकूर माझा, चुका मी काढायच्या, आणि खाली सही साहेबाची. आता जे वाटेल ते लिहीन. पॉमबद्दल वाटेल, रेडिओबद्दल वाटेल, पक्ष्याबद्दल वाटेल. आणि खाली माझं नाव असेल.

हेस्डी : म्हणजे भावापेक्षा तो ब्लॉग मोठा?

म्युरिएल : भाऊ दुसऱ्याचा करंडक घेऊन हिंडतोय, ते बघवत नाही मला. शेवटपर्यंत वाचलंस तरी का?

हेस्डी : नाही. अर्ध्यातच डोकं फिरलं.

म्युरिएल : शेवटी लिहिलंय, गेल्या वर्षी मिनिस्टर बासष्टवर थांबला होता. यंदा एक्याऐंशी. माझ्या पोराची खरी कमाई आहे ती. लिहिताना रडू आलं मला.

हेस्डी : ते लोकांना जाऊन सांग. मी करंडक परत करून हसं करून घेणार नाही. पक्षी माझ्या पैशांचा आहे, सिसा. पुसलं नाहीस तर आत्ताच्या आत्ता घेऊन जातो.

म्युरिएल : असं?

हेस्डी : नेतो हं. खरंच नेतो.

म्युरिएल : ने.

हेस्डी : ने म्हणजे?

म्युरिएल : पाणी सकाळी सहाच्या आत बदल. दुपारच्या उन्हात टांगू नकोस. बसमध्ये पिंजऱ्यावर कापड टाक, तिथल्या कर्कश गाण्यांना घाबरतो तो.

हेस्डी : चार ओळींसाठी त्याला सोडतेस?

म्युरिएल : जीव तुटतोय माझा. पण पुसणार नाही.

हेस्डी : बरं. ती शीळ कशी घालायची? मला नाही येत.

म्युरिएल : ब्लॉगवर लिहिलीय. वाच.